पुलाच्या मधोमध

घोडेगावच्या स्टँडवर तळेघरची एसटी तासभर उशिरा लागणार होती, म्हणून यशोधरा समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरली. एसटी वेळेवर असती तर दुकानवाल्या राजरत्नचं काय झालं असतं, कोण जाणे! साल दोन हजार नऊ. तिने ओढणीत गुंडाळलेला जुना लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, गेम खेळताना बंद पडतो.

"भावाचा गेम हाये का?" राजरत्नने विचारलं.

"माझाच हाये. का? पोरींनी बंदूक धरू नये का?"

त्याने मान खाली घातली, ती खरं तर हसू लपवायला. गेम लढाईचा, भलामोठा, या लॅपटॉपच्या चौपट ताकदीच्या मशीनसाठी बनवलेला. झाडं, सावल्या, पाणी, सगळं कमीत कमी करून तिने तो कसाबसा चालवला होता. पण गेममधल्या शहराबाहेरच्या पुलावर पाऊल ठेवलं की लॅपटॉप तापून बंद पडे. दोन महिने ती तिथेच अडकली होती. जिंकायची हौस तिला नव्हतीच... पुलापलीकडे काय आहे, एवढंच बघायचं होतं.

ती गेल्यावर राजरत्नने लॅपटॉप उघडला. पंख्यात भाताचा कोंडा ठासून भरलेला! वडिलांच्या भाताच्या गिरणीवर लक्ष ठेवता ठेवता बाई तिथेच बसून खेळत होत्या. कोंडा झाडला आणि अर्ध्या तासात लॅपटॉप ठणठणीत झाला. खात्री करायला त्याने तिचा सैनिक पुलावर नेला. मधोमध पोचल्यावर मात्र गेम तिथेच सेव्ह केला. पलीकडचं तिनेच आधी बघावं, असं त्याला उगीचच वाटलं. उगीच कसलं – पोरगा पुरता कामातून गेला होता.

पुढच्या मंगळवारी, गिरणीच्या सुट्टीला, ती आली. लॅपटॉप दिला की ही कशाला पुन्हा इतक्या लांब येतेय? त्याच्या तोंडून निघून गेलं, नवा पंखा पुण्याहून यायचाय. त्यापुढच्या मंगळवारीही पंखा आला नाही. त्यापुढच्याही नाही. एसटी लागेपर्यंत ती स्टुलावर बसून बोलत राही. गोळ्या झाडण्यापेक्षा गेममधल्या घरांत डोकावण्यात तिला जास्त रस. दोरीवर कपडे वाळताहेत, मग माणसं कुठे गेली? चुलीवर पातेलं कुणी ठेवलं? असले प्रश्न राजरत्नने जन्मात ऐकले नव्हते. त्याला ते आवडायला लागले, आणि विचारताना बारीक होणारे तिचे डोळे तर त्याहून.

चौथ्या मंगळवारी तो एका गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेला, आणि तिने खुशाल लॅपटॉप चालू केला. तो परत आला तेव्हा पडद्यावर सेव्ह केलेला गेम होता. पुलाच्या मधोमध... आणि शेजारी महिन्यापूर्वीची तारीख.

"मग इतके दिवस कुठला पंखा येत व्हता?"

"कुठलाच न्हाई. तुमी येत राहावं, म्हणून..."

तिने लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि ती निघून गेली.

पुढचा मंगळवार रिकामा गेला. तळेघरकडून येणारी प्रत्येक गाडी त्याने दारात उभं राहून पाहिली. एका खोट्यापायी आपण तिला गमावलं, म्हणून त्याने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

त्यानंतरच्या मंगळवारी ती उतरली आणि थेट दुकानात आली. लॅपटॉप पुन्हा बिघडला का, त्याने भीतभीत विचारलं. उत्तम चालतोय, ती म्हणाली. पूलही ओलांडून झाला. पलीकडे नुसती मोकळी जमीन होती, आणि एकटीने बघताना काही मजा आली नाही.

"पण एक राहिलंच," तिचे डोळे बारीक झाले. "मी का येत राहावं, ते तुमी सांगितलंच न्हाई."

"मला तू आवडतेस." 'तू' कधी निघून गेलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. "लई आवडतेस."

"मग खोटं कशाला बोललास?"

"लॅपटॉप दिला असता, तर परत आली नसतीस."

यशोधराने दोन्ही रिकामे हात काउंटरवर ठेवले.

"मग आज काय आणलंय मी दुरुस्तीला?"