डोंगर होता तिथला फोटो

लग्नाचे फोटो पोटासाठी, डोंगरांचे माझ्यासाठी. पेणला माझा स्टुडिओ आहे, पण सवड मिळाली की मी पळतो. लडाखचे बोडके डोंगर, जैसलमेरकडचं वाळवंट, सगळं पायांखाली घालून आलोय. हट्ट एकच, समोर असेल तसंच टिपायचं. दगड हलवायचा नाही, झुडूप मोडायचं नाही, नंतर आभाळाला रंग फासायचा नाही. बायको म्हणते, तुमच्या फोटोत नवरीच्या नाकावरची पुटकुळीही तशीच राहते. राहते, काय करू!

मागच्या फेब्रुवारीत जितेशचा फोन आला. हा माझा शाळेतला मित्र, रोह्याजवळच्या वरसे गावात फ्लॅट घेऊन राहतो. त्याचे वडील गुणाजीकाका गागोदे बुद्रुकच्या पुढे एका वाडीत एकटेच असायचे. दोनदा अंगणात पडले, म्हणून जितेश त्यांना येत्या रविवारी कायमचं वरशाला नेणार होता. पण म्हातारा अडून बसला होता. घरामागच्या डोंगराचा फोटो मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणे.

"अरे, पण तो डोंगर आहे कुठे आता?" मी विचारलं.

"तेच तर! तू दुसरा कुठलातरी चिकटव ना तिथं."

मला रागच आला. "माझ्या फोटोत नसलेलं काही येत नाही. मोकळं आभाळ असेल तर मोकळं आभाळच येईल. चालेल?"

"चालवू कसंतरी," तो म्हणाला.

त्या डोंगराची हकीकत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. भरावाच्या मातीसाठी एका कंत्राटदाराने तो फोडायला घेतला होता. सात वर्षांपूर्वी एका दुपारी सरूकाकी, जितेशची आई, लाकडांना वर गेल्या. सुरुंग उडवण्याआधीचा भोंगा त्या दिवशी वाजलाच नाही. काकींचं काही म्हणता काही सापडलं नाही. पुढच्या दोन वर्षांत उरलेला डोंगरही ट्रकांत बसून गेला.

मी तीनच्या सुमारास वाडीत पोचलो आणि खरं सांगतो, खूश झालो. घरामागे पश्चिमेला तांबडी, उघडी जमीन लांबच लांब पसरली होती. झाड नाही, खांब नाही. पार टोकाला खाडीची चकाकती रेघ. वाळवंट बघायला मी उगाच एवढ्या लांब गेलो, असं वाटलं. कॅमेऱ्याची तिवई लावली आणि निवांत फोटो काढत बसलो. काकांनी कोरा चहा दिला. अंगणभर वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यांचा उग्र, गोडसर वास येत होता.

साडेचारला काका उठले आणि शेंगा गोळा करायला लागले. शेजारच्या दोन घरांतल्या बायाही आपापलं वाळवण उचलू लागल्या.

"काका, एवढ्यात? अजून दोन तास ऊन आहे."

"हितं नाय," ते म्हणाले. "डोंगराची सावली येते ना."

जुनी सवय, जाता जात नाही, असं मनात म्हणून मी हसलो. तेवढ्यात घराच्या कौलांवरची पाखरं एकदम गप्प झाली.

मग ती आली. उघड्या जमिनीवरून सरकत, शेताचे बांध ओलांडत, माझ्या बुटांवर चढली. मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ. सूर्य डोळ्यांत खुपत होता... आणि अंगणात अंधारून आलं होतं. गार पडलं. ओल्या पाचोळ्याचा वास आला, जिथे पाचोळा पडायला एक झाड नव्हतं.

मी कॅमेरा पुढच्या शेताकडे वळवला. सावलीची कड घराच्या पुढे शेतात पोचली होती. डोंगरमाथ्याची वेडीवाकडी कड. आणि त्या कडेवर काहीतरी हलत होतं. वाकून चालणारं, डोक्यावर भारा घेतलेलं...

"दिसली?" काकांनी हळूच विचारलं.

"काका... कोण आहे ते?"

"सरू." ते अगदी सहज बोलले. "माथ्यावर हाय तवर दिसते. मंग उतराया लागली का सावलीत सावली मिसळून जाते. गुडघा धरतो तिचा, येळ लागतो. घरी पोचायच्या आत दिस मावळतो... रोजचंच हाय."

मी बटण दाबलं. एकदाच.

"भाऊ," ते म्हणाले, "दार बंद बघून ती कुटं जाईल? तिला वरसं म्हाईत नाय. डोंगर माज्यासंगती आला तर येईल ना ती?"

मला खूप भीती वाटत होती आणि त्याहून जास्त रडू येत होतं. "येईल, काका," मी म्हटलं.

कॅमेऱ्यात फोटो पाहून काका रविवारी वरशाला गेले; मोठा करून, चौकट लावून मी तो आठवड्याने तिथे नेऊन दिला. जसा निघाला तसाच: मोकळं आभाळ, उन्हात तळपणारं शेत आणि त्यावर ती सावली. जितेशने एकदा पाहिला आणि काकांच्या पलंगासमोर टांगला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सहज डोकावलो. जितेशची बायको मृणाली म्हणाली, "बाबा इतके खूश आहेत, दादा! दोन वेळा पोटभर जेवतात." मलाही बरं वाटलं.

काका खिडकीशी बसले होते. पुढ्यात पानांचा द्रोण, द्रोणात काळीभोर करवंदं. मार्च नुकता लागला होता. करवंदीला तेव्हा जेमतेम फुलोरा असतो.

"कुणी आणली, काका?"

ते नुसते हसले. जांभळे ओठ, लहान मुलासारखे. मग एक करवंद माझ्या हातावर ठेवलं. "घे. ती इचारीत व्हती तुला. म्हनली, त्या फोटूवाल्या पोराला पन दे."

देठाशी पांढरा चीक अजून ओघळत होता, आत्ताच तोडल्यासारखा. नाही म्हणवेना. दोन बोटांनी देठ खुडला. खाल्लं. गोड होतं, इतकं गोड करवंद मी कधी खाल्लं नव्हतं.

त्याला आता चार महिने होतील. साबण झाला, रॉकेल झालं, खोबरेल तेल झालं. हे बघा, माझी ही दोन बोटं... चीक अजून ओला आहे.