पेवातून आलेली ओ

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. रेश्मानं झोपलेल्या पोराला, साईराजला, कडेवर घेतलं आणि ती हंबीररावांच्या मळ्याकडं निघाली. काम साधंच होतं. नवऱ्याचा, धनाजीचा, दोर आणि कंदील तिथं राहिले होते, ते आणायचे.

धनाजी कोठडीत होता. सांगलीबाहेर कृष्णेच्या काठी हंबीररावांचं हळदीचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड लहान आणि पोट मोठं. आता सगळ्यांची हळद कोल्ड स्टोरेजला जाते, पण ह्या बड्या घराण्यानं मिरवायला एक पेव ठेवलं होतं आणि धनाजी ते राखायचा. त्याच पेवात हंबीररावांची सून क्रांती मेलेली सापडली. तोंडावर फरशी नीट बसवलेली, वरनं माती लिंपलेली. हे काम धनाजीशिवाय कुणाला येतंय, म्हणून त्यालाच धरला.

रेश्माला ते पटत नव्हतं. पेव बंद करायची एक रीत असते. फरशी ठेवायच्या आधी तोंडाशी वाकून हाक मारायची, "हाय का?" आत कुणी उतरलेलं असलं तर ते म्हणणार, "हाय." ओ आली की फरशीला हात लावायचा नाही. धनाजी रिकाम्या पेवालासुद्धा हाक मारायचा. घरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण लावतानाही मारायचा, आणि रेश्मा तोंडाला पदर लावून हसायची. असला माणूस जित्या बाईला कोंडेल?

धनाजीचा जोडीदार पीरमहंमद तिला रिक्षातून बांधापर्यंत घेऊन आला.

"वैनी, दोर घ्या आन् माघारी या. शालूबाई दिसली तर तोंडाला लागू नगा. पोरगं द्या हिकडं."

"नगं भावजी. माझ्याजवळच बरं हाय ते."

पोराला खाली ठेवायला तिचा जीवच होत नव्हता.

मळ्यात उन्हानं सगळं गप्प झालेलं. पेवाची फरशी बाजूला सारलेली होती. आतनं कच्च्या हळदीचा वास येत होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास होता, ओले कपडे बंद खोलीत राहिल्यासारखा. तोंडाच्या कडेला लिंपलेल्या मातीचे पोपडे अजून चिकटून होते. रेश्मा खाली बसली.

हमाल ती माती टाचेनं तुडवून बसवतात. ह्या मातीवर टाच नव्हती. बोटांचे अर्धगोल फटकारे होते, एकाशेजारी एक. अंगण सारवल्यासारखे. बाईमाणसाचा हात. आणि प्रत्येक फटकाऱ्यात एका बोटाची रेघ खोल गेलेली, त्या बोटात काहीतरी जाड असल्यासारखी.

"काय वाचतीस गं मातीत?"

मागं हंबीररावांची बायको शालूबाई उभी होती. तिच्या बोटातलं सोन्याचं जाड वेढणं उन्हात चमकलं. रेश्मा पोराला सावरत उठली.

"दोर न्यायला आलीया, आक्कासायेब."

"नवऱ्यानं आमची सून खाल्ली, आन् बायकू आता हाडकं हुंगाय आली व्हय? दोर आत पडलाय. वाक की. पोराला घिऊनच वाक."

पाठीवर हात पडला. जड, थंड. रेश्माच्या पायाखालची माती सरकली, चार खडे आत गेले आणि ते तळाला पडल्याचा आवाजच आला नाही. तिनं पोराला छातीशी आवळलं. साईराज जागा झाला होता आणि न रडता खाली बघत होता. आणि रेश्माच्या तोंडातनं निघालं ते फक्त नवऱ्याचं रोजचं बोलणं.

"हाय का?"

खालनं ओ आली.

"हाय..."

पाठीवरचा हात ढिला पडला.

"आत्या... फरशी काढा... दम कोंडतोय..."

"काढलीया की गं!" शालूबाई किंचाळली. "उघडंच हाय तोंड! मी लिंपत हुते तवा वरडलीस तशी वरडू नगंस... गप गं... गप बस..."

ती पेवाच्या कडेला बसली आणि नखांनी माती खरवडायला लागली. पीरमहंमद बांधावरनं धावत आला. त्यानं खालचा आवाज ऐकला नाही, शालूबाईचं बोलणं मात्र सगळं ऐकलं. चौकीत त्यानं तेच सांगितलं. शालूबाईनंही मग कबूल केलं. नवरा, वीरधवल, मारतो म्हणून क्रांती माहेरी आष्ट्याला जाऊन फिर्याद देणार होती. घराण्याची अब्रू जाईल म्हणून सासूनं तिला मूठभर हळद आणायच्या निमित्तानं आत उतरवलं होतं.

धनाजी सुटून आला. पेव बुजवायचं ठरलं. हमाल आले, रीतीप्रमाणं वाकून त्यांनी हाक मारली, आणि पाट्या, खोरी तिथंच टाकून गेले. ते तोंड अजून उघडं आहे. भोवती काट्या लावल्यात.

साईराजला तेव्हा "आई" म्हणता येत नव्हतं. आजही येत नाही. पण रेश्मा भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला गेली की तो पाळण्यातनं बोलतो, एकच शब्द, स्वच्छ, मोठ्या बाईच्या आवाजात.

"हाय."

म्हणून तिच्या घरात कुठल्याच भांड्यावर झाकण नसतं. तुमच्याकडं पेव असू दे, हौद असू दे नाहीतर टाकी, बंद करायच्या आधी हाक मारा आणि थांबा. ओ आली तर झाकू नका. एवढं शेजारीपाजारीही सांगा, विशेष करून ज्यांच्या घरात लेकरू आहे त्यांना.