बिनपट्ट्यांची फांदी

त्या घरात एक नियम होता. मागच्या अंगणातल्या वेलगुलाबाला पट्टे नसलेली फांदी आली, की ती फूल उमलायच्या आत मुळापासून कापायची. आणि का, ते विचारायचं नाही.

लवंगीने लहानपणी एकदाच विचारलं होतं. आत्याने तिच्या हातावर चापट मारली आणि आई त्या दिवशी न जेवता झोपली. पुन्हा काही तिने तोंड उघडलं नाही. पण विचारू नकोस म्हटलेली गोष्ट माणूस विसरतो थोडाच?

लवंगी हे नाव शाळेत पडलेलं. वर्गात ती कायम सगळ्यांत बुटकी, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या नाकाला झोंबणारी. आत्या त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून होती. हे नाव तिने मोठ्या उत्साहाने घरी आणलं आणि बाबांनी लगेच उचललं. खऱ्या नावाने तिला हाक मारायची ती फक्त आई, आणि तीही नेहमी दोनदा. संध्याकाळी मागच्या दारात उभी राहून आई एक हाक मारायची. लवंगी आतून ‘ओ’ द्यायची. तरी आई जरा थांबायची आणि अंगणाकडे तोंड करून पुन्हा तीच हाक मारायची. एका ‘ओ’वर तुझं भागत नाही का, म्हणून लवंगी चिडायची. आई नुसती हसायची.

अंगण कसलं, दोन सायकली आडव्या लावल्या तर भरून जाईल एवढी जागा. पण भिंतभर गुलाब होता. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. केसभर चूक त्यांना खपत नसे. भिंतीवर त्यांनी हातहात अंतराने तारा ताणल्या होत्या आणि एकेक फांदी आडवी वाकवून बांधली होती, कारण आडव्या फांदीला फुटवे जास्त येतात. बांधायचं तेही मराठी चारच्या आकड्यासारखा सैल फास घालून, म्हणजे फांदीचा गळा आवळत नाही. फुलं पांढरी, त्यांवर लाल पट्टे, कुणी ओला कुंचला झटकल्यासारखे. एका फुलासारखं दुसरं नाही. आणि वास कशालाच नाही.

लवंगी वनस्पतिशास्त्र शिकली तेव्हा तिला नियमामागचं कारण पुस्तकातच सापडलं. पट्टे ही झाडाची चूक असते. साध्या लाल गुलाबाला कधीतरी अचानक एक फांदी पट्ट्यांची येते, माळी ती जपतो, वाढवतो. पण झाड मूळ रंग विसरत नाही. मधूनच लाल फांदी फुटते, ती जोमाची असते, वेळेवर कापली नाही तर पट्ट्यांना गिळून टाकते. झालं. एवढ्याशा गोष्टीचा मोठ्यांनी वीस वर्षं केवढा तो बाऊ करावा! तिला हसू आलं होतं.

मात्र एका गोष्टीचं उत्तर पुस्तकात नव्हतं. कापलेली लाल फांदी बाबा कचऱ्यात टाकत नसत. मऊ जुन्या कापडात गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवी धरून ते मागच्या गल्लीने निघून जात. तासाभराने परत येत, तेव्हा नखांत माती असे. तोवर आई खिडकी लावून आत बसलेली असे.

त्या वर्षी दुकानाच्या पायरीवरून पडून बाबांचं मनगट मोडलं. नव्या लाल फांदीवरच्या कळीच्या हिरव्या पाकळ्या फाटून आत नुसता लाल रंग दिसायला लागला होता. रविवारी दुपारी आत्याने कात्री आणून लवंगीच्या हातात दिली. खालून काप, म्हणाली, आणि कापडात गुंडाळून बाबांकडे दे. प्रश्न नकोत.

लवंगीने कात्री घेतली. खिशात घडी घातलेला एक कागद होता. रोपवाटिकेतल्या नोकरीसाठी जन्माच्या नोंदीचा उतारा हवा होता, तो तिने आदल्या दिवशी जाऊन आणला होता. त्यावर काय आहे, ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. रात्रभर तिला झोप नव्हती.

अंगणात वारा नव्हता. ऊन भिंतीवरून उतरत होतं. लाल फांदी बाकीच्यांपासून वेगळी, कशालाही न बांधलेली, भिंतीला पाठ लावून सरळ उभी होती. जवळ गेल्यावर तिला वास आला. गुलाबाचा नव्हे, नुकत्याच धुतलेल्या केसांचा.

तिने पानं बाजूला सारली आणि तिला भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. आडव्या, केसभर बारीक, प्रत्येकीपुढे साल. बाबांचंच अक्षर. दर वर्षी कापण्याआधी फांदीचा शेंडा कुठवर पोचला, त्याची खूण. पहिली रेघ कमरेच्याही खाली होती. पुढची चार बोटं वर, त्यापुढची तीन बोटं. मग एकदम दोन-तीन वर्षं भराभर, मग हळूहळू. शेवटची सहा वर्षं एकावर एक, एकाच जागी.

मुळापासून कापलेली ही जात वर्षात छपरावर जाते. तिला हे ठाऊक होतं. तरी ती फांदी दर वर्षी तिथेच थांबत होती.

लवंगी वळली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि डोक्यावर तळहात आडवा धरला. रेघ तिच्यापेक्षा चार बोटं उंच होती.

तेवढ्यात बाही काट्यात अडकली. तिने ओढली, सुटेना. मग पानं हलली… वारा नसताना… आणि शेंडा वाकून तिच्या डोक्यावर आडवा टेकला. अगदी हलका. पाठीला पाठ लावून कोण उंच ते बघताना मुली हात ठेवतात, तसा.

ती किंचाळली नाही. तिला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

स्वयंपाकघरात तिघं चहा घेत होती. लवंगीने कात्री टेबलावर ठेवली आणि शेजारी कागद उलगडला. आत्याने तो ओळखला. आयुष्य कागदांत गेलेली बाई ती. तिचा कप बशीवर वाजला.

“या घरात दोन मुली जन्मल्या,” लवंगी म्हणाली. “पहिलीपुढे माझं नाव आहे. दुसरी तिच्यानंतर दोन वर्षांनी. तिच्यापुढे नावाचा रकाना कोरा. आणि मृत्यूच्या वहीत दोघींपैकी कुणाचीच नोंद नाही.”

आत्या म्हणाली, आता जुनं उकरून काढायची काही गरज नाही. लवंगी म्हणाली, गरज मला आहे.

मग बाबा बोलले, प्लास्टरकडे बघत, तुटक. थोरली साडेतीन वर्षांची होती. दोन दिवसांच्या तापाने गेली. धाकटीला तेव्हा नुसतं छोटी म्हणत. आईने अन्नपाणी सोडलं. आठव्या दिवशी तिने छोटीला थोरलीच्या नावाने हाक मारली, छोटीने ‘ओ’ दिला, आणि आई उठून दोन घास जेवली. मग चूक दुरुस्त करायला कुणाची जीभ रेटली नाही. शाळेची वेळ आली तेव्हा आत्याने थोरलीचेच कागद लावले.

म्हणून मी वर्गात बुटकी, लवंगीच्या मनात आलं. सगळ्या जणी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या.

“आणि गुलाब?”

“तिच्या जन्माला लावलेला. साधा लाल होता,” बाबा म्हणाले. “ती गेली त्या वर्षी एक फांदी पट्ट्यांची आली. तेवढी ठेवली. लाल कापल्या… त्या येतच राहिल्या. आली की तिच्याजवळ नेऊन पुरतो.”

“भिंतीवर मोजून?”

आई टेबलाच्या लाकडावर बोट फिरवत होती, मघापासून त्याच एका जागी.

आत्याने कात्री तिच्याकडे सरकवली. “ऊन जाईल. कळी आज-उद्या उमलेल. तुझ्या आईकडे बघ जरा. तिच्यासाठी तरी काप.”

“नाही,” लवंगी म्हणाली. “मी कापणार नाही आणि कुणाला कापू देणार नाही. उद्या मी तिचा मृत्यू नोंदवून येणार. माझ्या रकान्यात काय लिहायचं ते मी ठरवेन. आणि आई, त्या नावाने मला यापुढे हाक मारू नकोस. ते तिचं आहे. मी ‘ओ’ देणार नाही.”

ती पुढच्या दाराकडे वळली. उंबऱ्यापाशी पोचली असेल नसेल, मागून आईने हाक मारली, त्याच नावाने. वीस वर्षांची सवय. तोंडातून निघूनच गेली. लवंगीच्या घशाशी ‘ओ’ आला. तिने तो गिळला, आणि ती मागे वळली नाही.

घरात एवढी शांतता होती, की मागच्या अंगणातून आलेला ‘ओ’ चौघांनाही नीट ऐकू आला.

आवाज अगदी तिच्यासारखा होता. फक्त थोड्या मोठ्या मुलीचा.