उष्ट्या घासाचा रंग

दिवेलागणीला नदीकाठच्या बागेत शिरताना चपला फाटकाशीच काढाव्या लागत. आत ओळखदूर्वा पसरलेली होती. तिच्यावर अनवाणी पाऊल पडलं की पावलाभोवती उजेड उमलायचा. कुणाचा हळदीसारखा, कुणाचा मोरपंखी. पाऊल उचललं तरी तो घटकाभर रेंगाळायचा, उंबऱ्यातून आत आलेल्या लक्ष्मीच्या पावलांसारखा. माणसं घरून डबे आणत, झाडाखाली अंगतपंगत करत आणि मग शतपावलीला उठत. वर्षानुवर्षं एका घासातले जे, त्यांच्या पावलांचा रंग एक.

केतकीची पावलं कोकमाच्या रंगाची. पूर्वी तशा दोन ओळी जोडीनं उमटायच्या. तिची जिवलग मैत्रीण हेमांगी वारली आणि एकच उरली.

"आजही चमच्यानंच का गं?" केतकीनं विचारलं.

"सवय," ऋजुता ओशाळून हसली. ही दूर्वा तिनंच पूर्वी शहरातल्या प्रयोगशाळेत घडवलेली. हेमांगीच्या माघारी ती या गावात आली, बाकावर एकटीच डबा खात बसायची. केतकीनं तिला हाताला धरून आपल्या पंगतीत ओढलं. पण ऋजुताचा डबा वेगळा, चमचा वेगळा, आणि पावलंही चांदण्यासारखी पांढरी, एकटीच उजळणारी.

"शस्त्रक्रियेला महिना उरला," केतकी म्हणाली. तिच्या आतड्यात गाठ होती. ती काढण्याआधी औषधानं पोट धुऊन लख्ख करणार होते. "खरं सांग, माझा रंग जाणार ना?"

ऋजुतानं चमचा खाली ठेवला. "आपल्या पोटात जिवाणूंची गावंच्या गावं नांदतात. उष्ट्या घासातून ती या पोटातून त्या पोटात जातात. त्यांचा वास घामात उतरतो, तोच दूर्वा ओळखते. औषधानं ते गाव उठेल."

केतकीनं डब्यातल्या कारल्याकडे पाहिलं. हेमांगीला खोडच होती, भरल्या कारल्याची फोड अर्धी तोडायची आणि उरलेली हिच्या तोंडात कोंबायची. "उष्टं खाल्ल्यावाचून का मैत्री मुरते?" म्हणायची. वर ओवी गुणगुणायची:

एका ताटीचा गं घास, सये वाटूनिया खाल्ला
तुझ्या पावलाचा ठसा, माझ्या पावलात आला

"म्हणजे ती अजून माझ्या पोटात नांदतेय."

"तिचं गाव नांदतंय. आणखी एक आहे... जाऊ दे."

"सांग की! सुतक असल्यासारखं तोंड नको करूस."

"हे गाव नुसतं अन्न पचवत नाही. पोटातून मेंदूकडे एक मोठी नस जाते, तिच्यातून ते निरोप धाडतं. काय खावंसं वाटावं, कशाची हुरहुर लागावी. तुला कारलं आधी आवडायचं?"

"शी! ती गेल्यापासून मात्र..." केतकीचा घास हातातच राहिला. "रोज तिन्हीसांजेला पोटात खड्डा पडतो, तिची आठवण दाटून येते. ती मला येते, ऋजुता, की पोटातून तीच मला हाक मारते?"

ऋजुतानं आपला डबा बाजूला सारला.

केतकीनं कारल्याची फोड अर्धी खाल्ली आणि उरलेली पुढे केली. "आ कर. मी बरी होईस्तोवर सांभाळ हिला. मग मला परत दे."

"एका घासानं वस्ती होत नाही, वेडे."

"मग रोज भरवीन."

रोज भरवलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी दोघी शतपावलीला उठल्या. ऋजुता चालता चालता थबकली. तिच्या पांढऱ्या पावलांच्या कडांना कोकम चढलं होतं. मागे वळून पाहिलं तर झाडापासून इथवर, जोडीनं, दोन ओळी. केतकीचे हात आपोआप जोडले गेले. एवढी शिकलेली ऋजुता, पण तिचंही पाऊल उचलेना. आपण कुणाच्या तरी अंगावर उभ्या आहोत असं तिला वाटलं.

केतकी बरी होऊन परतली, तेव्हा तिच्या पायांखाली अंधार होता. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. झोप गाढ लागत होती, पोटातला खड्डा भरून आला होता. हेमांगी आठवे, पण शाळेचा पत्ता आठवावा तशी. बिनचूक आणि कोरडी.

झाडाखाली ऋजुता बसली होती. डब्यात भरली कारली. चमचा नव्हता. डोळे सुजलेले.

"मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही गं," ती म्हणाली. "पण तिन्हीसांज झाली की जीव कासावीस होतो. कशी हसायची ती? सांग ना."

केतकीनं सांगायचा प्रयत्न केला. शब्द आले, हसू आलं नाही.

ऋजुतानं फोड अर्धी तोडली आणि पुढे धरली. "घे, तुझी ठेव. नाही घेतलीस तर सुखात राहशील, तेही सांगते."

तिच्या मागे हिरवळीवर कोकमी पावलांची एकच ओळ मंदावत चालली होती. आपल्याला हेमांगी परत हवी आहे का, केतकीनं स्वतःला विचारलं. आतून काहीच उत्तर आलं नाही. हवंसं वाटणंसुद्धा त्या अर्ध्या फोडीतच होतं.



केतकीनं आ केला.