भिंतीकडची फट

कऱ्हाटीचा कुंडलिक गवंडी बारामतीहून परत निघाला तेव्हा त्याच्या काखेत फोमची जाड गुंडाळी होती. एसटीत शेजारच्यानं विचारलं, "आबा, गादी शिवताय व्हय?"

"फरशीला अंथरूण," कुंडलिक म्हणाला.

सन नव्व्याण्णव. पुण्याला नोकरीला असलेल्या पोरानं, अविराजनं, मळ्यातल्या घरात उन्हाळ्यात लाकडी फरशी बसवून दिली होती. जुन्या शहाबादीवर पातळ फळ्या, खाचेत खाच. कारागिरांनी भिंतीकडेनं चारी बाजूंनी बोटभर फट सोडली. कुंडलिकला ते बघवेना. चाळीस वर्षं थापी धरलेला माणूस. भिंतीला फट राहिली म्हणजे गवंड्याची अब्रू गेली. कारागिरांची पाठ फिरताच त्यानं सिमेंट कालवलं आणि फट बुजवून टाकली.

पावसाळ्यात फळ्या फुगल्या. सरकायला जागा नव्हती. मधनं वर आल्या आणि पाय पडला की करकरू लागल्या.

एवढंच असतं तर चाललं असतं. पण रोज दुपारी चारला, घरात कुणी चालत नसताना, त्या वाजायच्या. स्वयंपाकघरापासून सुरुवात. एक कर्र... मग घासत एक. पुन्हा कर्र... पुन्हा घासत. कुंडलिकच्या खुर्चीपाशी येऊन आवाज थांबायचा.

त्याची बायको बनाबाई मागच्या वर्षी गेली. खुबा मोडल्यापासून डावा पाय ओढत चालायची. चारचा चहा त्याला खुर्चीत आणून द्यायला ती कधी चुकली नव्हती.

आखाडात सून निकिता पोरांना घेऊन आली आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून दारात उभी राहिली. "तात्या, हा आवाज जाईस्तोवर मी हितं पाय ठेवणार न्हाय. दिवाळीलाबी न्हाय."

"लाकूड हाय. कुरकुरायचंच."

"लाकूड लंगडत न्हाय, तात्या."

एक दिवाळी त्यानं एकट्यानं काढली होती. दुसरी निघणार नव्हती.

म्हणून आता तो गुडघ्यावर बसला. छिन्नीनं आपणच भरलेलं सिमेंट फोडलं. फळ्या उचलल्या. खुर्चीपुढची एक शहाबादी खचलेली निघाली. वरची फळी तिथं अधांतरी होती. त्यानं खड्डा भरला, पाणसळ लावून पातळी बघितली, आठ दिवस वाळू दिलं. मग फोम अंथरला आणि फळ्या परत बसवल्या. भिंतीकडेनं बोटभर फट सोडली. सोडताना हात अडखळला. वर लाकडी पट्टी मारून ती झाकली.

काम झालं त्या दिवशी चारला तो खुर्चीत बसला. बाहेर ऊस सळसळत होता. विहिरीवरची मोटार बंद होती. चार वाजले. फरशी गप्प. सव्वाचार झाले. नव्या फोमचा वास तेवढा घरात कोंडला होता. आपणच बनाबाईला दार लावून घेतलं, असं त्याच्या मनात आलं. ते त्यानं झटकलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला फोन वाजला. निकिता होती.

"तात्या, गेला का आवाज?"

"गेला. चूक माझीच हुती. पोरांना घिऊन या."

"तुमी आणि चूक कबूल?" ती हसली. "आता यायलाच पायजे." आणि मधेच गप्प झाली.

"का गं?"

"घरात कोण आलंय?"

"कोण न्हाय."

"मग तात्या... तुमच्या मागनं कोण चालतंय?"

कुंडलिकनं कान दिला. काही नाही. मागं वळून बघितलं. फळ्यांवर उन्हाचा एक तुकडा पडला होता.

"पाय वढत?" त्यानं विचारलं.

"व्हय..."

"कुठवर आली?"

निकिताचा आवाज बारीक झाला.

"थांबली... तुमच्याजवळच."

तिकडून फोन खाडकन बंद झाला. कुंडलिकनं रिसीव्हर खाली ठेवला नाही. कानाशी तसाच दाबून धरला. तारेत कुणी नव्हतं. मग त्या रिकाम्या तारेतून, लांबून, बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.