निवडलेली जागा

कॅम्पची जागा भर पावसातच बघायची, हे धनराज अमेरिकेत शिकला होता. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर हवा दमट आणि पाऊस रोजचा. लोक चाकांवरची घरं घेऊन येतात, एखाद्या मोकळ्या माळावर लावतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कॉफीला बोलावतात. कॉलेजच्या सुट्ट्यांत त्याने अशाच एका कॅम्पवर काम केलं होतं. कोणी कोणाला जात विचारत नव्हतं, गाव विचारत नव्हतं. हे आपल्याकडे का होऊ नये, एवढ्या एका प्रश्नापायी तो २००५ साली चांगली नोकरी सोडून पिंपळगाव बसवंतला परत आला.

कांदा वाहणारा एक जुना टेम्पो घेऊन त्याने मागे झोपायच्या दोन फळ्या, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसवली. गावाला विषयच मिळाला. तमाशाचा फड यंदा लवकर आला का, असं लोक मुद्दाम थांबून विचारायचे. हसला नाही तो फक्त थोरला चुलतभाऊ सोमनाथ. द्राक्षबागेच्या कामाला माणसं आणायला तो पेठच्या पलीकडे नेहमी जायचा. घाट उतरल्यावर, वलसाडच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत चांगल्या जागा आहेत, चल दाखवतो, असं तो आपणहून म्हणाला. धनराजला भरून आलं. घरात एवढं दुखणं असताना दादा आपल्यासाठी वेळ काढतोय.

दुखणं निकिताचं, दादाच्या मुलीचं. दिवाळीपासून पोर अंथरुणातून उठली नव्हती. ताप नाही, कुठे काही दुखत नाही. नाशिकच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. ती भिंतीला अंग चिकटवून पडून असायची. जवळ कोणी बसलं, की शेजारच्या रिकाम्या, कायम ओलसर लागणाऱ्या गादीवर हात ठेवून हळूच म्हणायची, "सरका ना. त्याला जागा द्या."

श्रावणातल्या एका सकाळी दोघे निघाले. घाट उतरला तशी हवा बदलली. अंगाला चिकटणारी, कोमट, झाडांचा वास घट्ट धरून ठेवणारी. पहिली जागा नदीकाठची; चाक तिथे चिखलात रुतलं ते तासाभराने निघालं. दुसरी इतकी उतरती, की स्टोव्हवरचं पातेलं आपोआप घसरत होतं. धनराज हिरमुसला. दादा मात्र शांत होता. जणू या दोन जागा अशाच निघणार हे त्याला ठाऊक होतं.

तिसरी जागा एका पाड्याच्या वर होती. सपाट मुरमाड माळ, भोवती सागाची झाडं. पाऊस कोसळत होता, पण जमिनीवर थेंब थांबत नव्हता. आजूबाजूला भात आणि नागली वीतभर जागा सोडत नव्हती. हा माळ तेवढा मोकळा. का, हे धनराजने विचारायला हवं होतं. गवतात फुटक्या गाडग्यांचे काठ आणि कुजलेली सुपं दिसली. सणावाराचं काहीतरी असेल असं त्याने स्वतःलाच सांगितलं. तो नकाशा रंगवण्यात गुंतला होता. इथे गाड्या, तिथे नळ, पाड्यावरच्या बायकांच्या हातचं जेवण.

"कशी वाटली, दादा?"

"मला नको इचारू, धना. तुझं काम हे. तूच सांग. तोंडानं सांग."

"हीच जागा," धनराज मोठ्याने म्हणाला. "इथेच राहायचं."

सोमनाथने मान खाली घातली.

तेवढ्यात पाड्यावरची भागीबाई डोक्यावर इरलं घेऊन वर आली. माळाच्या कडेला उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. धनराजने चहाला बोलावलं.

"जागा कोणी निवडली?" तिने विचारलं.

"मी," तो अभिमानाने म्हणाला.

म्हातारीने सोमनाथकडे बराच वेळ पाहिलं. मग तशीच, पाठ न फिरवता, मागे मागे जात झाडांत दिसेनाशी झाली.

तिन्हीसांजेला दादा पाड्यावरून दूध आणतो म्हणून उतरला. धनराज मागच्या फळीवर कंदील लावून बसला. छतावर पाऊस एकसुरी वाजत होता. बराच वेळ गेला... आणि खारट वास आला. मीठ, शेवाळ, बराच काळ पाण्यात राहिलेलं कापड, असा काहीतरी. समुद्र तर इथून कितीतरी लांब.

मग टेम्पो मागच्या बाजूला दबला. पायरीवर पाय ठेवून माणूस चढतो, तेव्हा चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जसे कुरकुरतात, तसे कुरकुरले.

"दादा...?"

दार बंदच होतं. समोरच्या फळीवरची गादी सावकाश खाली गेली आणि तशीच राहिली. तिच्या कडेवरून पाणी टपकू लागलं.

कंदील उचलताना त्या फळीखालचं गाठोडं उजेडात आलं. ते त्याने ठेवलेलं नव्हतं. निकिताचा पिवळा फ्रॉक, त्यात दहीभात, नारळ, केसांची एक बट. उतारा. पोरीवरून उतरवलेला आणि त्याच्याच गाडीत ठेवलेला.

पाड्यापर्यंत तो धावतच गेला. भागीबाईने दार उघडलं नाही, आतूनच बोलली.

"तुमचा मानूस जीपनं गेला. त्याला मागं वळून बघायचं नसतं."

"पण मीच का, आजी?"

"धरून आनलेल्याकडं ते जात नाय. ज्यानं सोताच्या तोंडानं जागा निवडली... त्याच्याकडंच जातं."

परत वर येऊन, गाठोडं माळावर फेकून त्याने टेम्पो काढला. घाट धुक्याने भरला होता. मागे एकदाही पाहिलं नाही. पेठच्या स्टँडवरच्या दिव्याखाली उजाडेपर्यंत बसून तो पिंपळगावला पोचला, तेव्हा दादाच्या अंगणात निकिता फुगडी घालत होती. एकटीच, गरगरा, हसत. ओट्यावर तिची आई, आशावहिनी, पदर तोंडाला लावून रडत होती. धनराजला पाहताच ती उठून आत गेली.

सोमनाथ फाटकापाशी आला. गाडीपासून चार हात लांब थांबला.

"दादा, तू मला नुसतं विचारलं असतंस."

"इचारलं असतं तर तू हो म्हनला असता?"

कदाचित धनराज हो म्हणालाही असता. तेच सर्वांत जास्त लागलं.

"माझ्यामागं लेकरू हे," सोमनाथ खाली बघत म्हणाला. "तुझ्यामागं कोन हे, धना? तू काय, जाशील परत तिकडं."

जगात कोणीही कोणाशेजारी राहावं म्हणून जो माणूस समुद्र ओलांडून परत आला होता, त्याने गाडीची किल्ली फिरवली.

निकिता धावत आली. बापाने हाक मारली तरी थांबली नाही. पायरीवर चढून तिने धनराजच्या खिडकीतून आत डोकावलं आणि ओळखीचं हसली. पण ते हसू धनराजसाठी नव्हतं, त्याच्या पलीकडे होतं.

"काका," तिने विचारलं, "तू असा दाराला चिकटून का बसलायस?"

त्याने स्वतःकडे पाहिलं. उजवा खांदा दारावर घासून सोलवटला होता. अख्खा घाट तो सीटच्या टोकावर, अंग चोरून, गाडी चालवत आला होता. शेजारी एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा मोकळी होती.

आपण केव्हा सरकलो, ते त्याला आठवेना.