सहावी जमीन

कोपेतदाग डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या गावाबाहेर, मातीचं एक टेकाड आहे. त्याच्यावर मेंढ्या चरतात. त्या उन्हाळ्यात मला तिथं उत्खनन करायची परवानगी मिळाली. चार मीटर लांब, चार मीटर रुंद असा एकच खड्डा, पण माझ्या एकटीच्या जबाबदारीवर. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खड्ड्यांचे नकाशे काढत आले होते.

दोन मजूर होते, आणि मदतीला गावातला गवंडी, उस्ताद योलबार्स. साठीचा माणूस. अर्ध्या गावाच्या भिंती त्यानं उभ्या केलेल्या. माती बोटांत चुरून ती कुठल्या ओढ्याची ते सांगायचा.

“आम्ही घरं बांधून शिकलो, सेनेम पोरी,” पहिल्या दिवशी चहा ओतताना तो म्हणाला. “तुम्ही लोक पाडून शिकता.”

“पडलेलीच आहेत की, उस्ताद.”

“घरच्यांना विचारलंस?”

मजूर हसले. मीही हसले.

खोदत गेलो तशी एकाखाली एक घरं निघाली. वरच्या दोन घरांच्या विटा साच्यातल्या होत्या. त्याखालच्या दोन घरांना साचा माहीतच नव्हता. हातानं वळलेले मातीचे लांबट गोळे एकावर एक रचलेले. घर पडलं की सपाट करायचं आणि तिथंच दुसरं बांधायचं. प्रत्येक घराची जमीन मी मोजली, कागदावर काढली, मग खाली गेले.

चौथी जमीन हाताला ओलसर लागली. मला वाटलं, पाझर असेल. पण आमच्या विहिरींना चाळीस मीटरवर पाणी लागतं, आणि महिना जुलैचा होता.

उस्तादनं चिमूटभर माती नाकाशी नेली. “मातीतलं काड ताजं आहे. ही माती कालवून पंधरा दिवस झाले असतील, फार तर.”

“आठ हजार वर्षं, उस्ताद.”

“तुझा हिशोब तुझ्यापाशी.”

पाचव्या जमिनीवर चूल निघाली. राखेत बोट घातलं आणि काढून घेतलं. मग तापमापी आणली. शेजारच्या मातीत चोवीस अंश, राखेत एकेचाळीस. तीनदा मोजलं. वहीत मी आकडा लिहिला. कशाचा ते लिहिलं नाही.

सहावं घर गोल होतं. भिंत अशी नाहीच. खांब रोवल्याच्या खळग्यांचं एक कडं, बोरू आणि चिखलाचे तुकडे. माणसानं डोक्यावर पहिल्यांदा छप्पर घेतलं असेल तर असंच, असं मला वाटलं आणि उगाचच भरून आलं. शिडीवरून उतरले तर टाच जमिनीत रुतली. स्पष्ट ठसा उमटला.

वर ताडपत्री ताणून खुंट्या ठोकल्या आणि आम्ही चौघं काठावरच जेवायला बसलो. भाकरी होती, उंटिणीचं आंबट दूध होतं. तासभर कोणी उठलं नाही.

ताडपत्री काढली. ठसा नव्हता.

जमीन सारवलेली होती. लहानशा तळव्यानं फिरवलेले अर्धगोल हात, एकात एक गुंतलेले. ओले.

उस्तादनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि खड्ड्याकडे वाकून हळूच म्हणाला, “सलाम अलैकुम.” मग माझ्याकडे वळला. “ओल्या सारवणावर घरच्या बाईशिवाय कोणी पाय ठेवत नाही. आईनं शिकवलं नाही तुला?”

“मला मूळ जमीन लागायला हवी, माणसाचा हात न लागलेली. त्याशिवाय हा खड्डा पुरा होत नाही.”

“मग राहू दे अर्धा.”

वीस वर्षं मी थांबले होते. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून मी लोखंडी सळई खाली दाबली. वीतभर जड गेली, मग एकदम मोकळी. हातभर आत सरकली.

मग थांबली.

आपटली नाही. आपल्या हातातली वस्तू दुसऱ्यानं धरावी, तशी थांबली.

मी ओढली. येईना.

मी सोडून दिली.

जरा वेळानं ती आपली आपण वर आली. सरळ, सावकाश, माझ्या हाताशी येईपर्यंत. तिच्या टोकाला लागलेली माती पुसलेली होती.

मी वर आले. मजुरांना म्हटलं, “बुजवा.” अहवालात लिहिलं, सहाव्या थराखाली मूळ जमीन. माझ्या नावावरचं पहिलं वाक्य, आणि तेच खोटं.

उकरलेली माती परत टाकली की नेहमी उरते. मोकळी माती फुगते; खड्डा भरून वर उंचवटा राहतो. आम्ही दुपारभर फावडी मारली. ढीग संपला, जमीन झाडून झाली, तरी खड्डा कमरेइतका रिकामा होता.

“गेली कुठं?” मी विचारलं.

उस्ताद काठाकाठानं पावलं मोजत फिरला. ओठातल्या ओठात गुणाकार केला, गवंडी करतात तसा.

“एका खोलीच्या भिंतींना लागते तेवढी माती,” तो म्हणाला. “खाली एक खोली वाढवतायत. कुणी यायचं असेल राहायला.”